जिंकले, तरी विकले! बोस्टन कॉलेजची १९७८-७९ ची भानगड आणि दोष नक्की कुणाचा?

चार्ल्सकाठचा

मार्च उजाडला की इथे अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा ज्वर चढतो. मी बोस्टनला असतो. यंदा ऑफिसात स्पर्धेचे तक्ते भरणं चालू असताना निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्याने बोस्टन कॉलेजचं जुनं प्रकरण काढलं, आणि मग मी हात धुऊन त्याच्याच मागे लागलो. आधी हकिकत, मग प्रश्न.

न्यूयॉर्कचा हेन्री हिल. लुकेझी या माफिया टोळीच्या परिघातला माणूस, गुंड जिमी बर्कचा उजवा हात. (पुढे हॉलिवूडने याच्यावर सिनेमा काढला, तोच.) हिल लुइसबर्गच्या तुरुंगात असताना पिट्सबर्गच्या पॉल माझाईशी त्याची दोस्ती जमली. माझाईच्या ओळखीत पर्ला नावाचे दोन भाऊ होते, आणि त्यातल्या धाकट्याचा शाळासोबती रिक कून बोस्टन कॉलेजच्या संघात होता. १९७८ च्या नोव्हेंबरात लोगन विमानतळाजवळच्या हिल्टनमध्ये बैठक झाली. कूनला दर सामन्याला २,५०० डॉलर. काम काय, तर हरायचं नाही! फक्त बुकींनी जितक्या गुणांचा फरक धरलाय त्याच्या आत जिंकायचं.

पहिलाच सामना प्रॉव्हिडन्सशी. बोस्टन साधारण ६ गुणांनी जिंकेल असा भाव होता, पठ्ठे १९ गुणांनी जिंकले. टोळीचे पैसे बुडाले. मग हार्वर्डशी बारा-एक गुणांचा फरक अपेक्षित असताना ८६-८३ असे जिंकले, सगळे खूश. असं करत नऊ सामन्यांवर डाव लागला. शेवटी होली क्रॉसशी उलटा हिशोब होता: बोस्टनने ७ पेक्षा जास्त गुणांनी हरायचं. ते हरले दोनच गुणांनी. हिलच्या सांगण्यानुसार बर्कने घरी टीव्हीला लाथ घातली.

हे फुटलं तेही अपघातानेच. १९८० मध्ये हिल अमली पदार्थांच्या गुन्ह्यात पकडला गेला आणि माफीचा साक्षीदार झाला. तपास चालू होता न्यूयॉर्कच्या विमानतळावर पडलेल्या १९७८ च्या लुफ्तान्सा दरोड्याचा. त्या काळात तू बोस्टनला कशाला जात होतास, असं विचारल्यावर हा सहज म्हणाला, बास्केटबॉल फिक्स करायला. समोर बसलेला सरकारी वकील एडवर्ड मॅकडोनाल्ड हा खुद्द बोस्टन कॉलेजचा माजी विद्यार्थी!

कूनला १० वर्षांची शिक्षा झाली (नंतर कमी झाली). संघातल्या आणखी दोघांची नावं निघाली होती: जिम स्वीनीवर खटलाच भरला नाही, अर्नी कॉब १९८४ मध्ये निर्दोष सुटला. कॉलेज नामानिराळं.

माझं मत असं की या पोरांचा बळी गेला. त्यांच्या जिवावर तिकिटं विकायची, टीव्हीचा पैसा घ्यायचा आणि त्यांना 'हौशी खेळाडू' म्हणून दमडी द्यायची नाही. मग कुणीतरी पाकीट पुढे करणारच. तुम्हाला काय वाटतं?

---

उगाच_एक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

तांबडापांढरा

म्हणजे आमच्याकडची नुरा कुस्तीच की! फरक एवढाच, आमच्याकडं पब्लिकला दहा मिनिटांत कळतं आणि मग आखाड्यात चपला येतात. जिंकायचं पण बेतानं जिंकायचं, हे मात्र लै हुशार काम हाय. बेतानं म्हणजे नक्की कसं, हे कुणी नीट उलगडून सांगा की राव.

---

बंड्या_पंटर

@तांबडापांढरा, सांगतो. (पूर्वाश्रमीचा अनुभव, आता माळ घातलीय.)

आपल्याकडे क्रिकेटला बुकी भाव देतो: फेव्हरेट संघावर लावलं तर कमी सुटतात, कमकुवतावर लावलं तर जास्त. अमेरिकेत बास्केटबॉलला असं चालत नाही, कारण तगडं कॉलेज आणि लिंबूटिंबू कॉलेज यांच्यात अंतर एवढं असतं की तगड्यावर लावून काहीच सुटायचं नाही. म्हणून १९४० च्या दशकात गुणांचा फरकच मध्ये घातला. "अ संघ १२ ने जिंकेल" असा बुकीचा फरक. तुम्ही अ वर लावलंत तर त्याने १२ पेक्षा जास्तने जिंकायला हवं. ब वर लावलंत तर ब हरला तरी चालेल, १२ च्या आत हरू दे. दोन्ही बाजूंना भाव सारखाच, साधारण ११ लावा नि १० मिळवा. तो वरचा एक बुकीचा.

यामुळे झालं काय, की लाच देणाऱ्याला पोरापाशी जाऊन म्हणता येतं, "बाबा रे, तुझ्या संघाला हरव असं कोण म्हणतंय? जिंका की! फक्त शेवटी जरा ढिलं सोड." बचावात अर्धं पाऊल मागे राहिलास, एक पास चुकलास. प्रशिक्षक म्हणणार, पोरगं दमलं. पोराचं मनही त्याला खात नाही, कारण जिंकलोच तर आहोत.

फिक्सिंगमधली ही सगळ्यात गोड गोळी आहे.

---

नीलाक्षी

@चार्ल्सकाठचा, लेख छान, पण 'बळी' हा शब्द मला साफ नामंजूर. गरीब घरातली, तशाच अडचणीतली मुलं तेव्हाही होती आणि त्यांनी नाही म्हटलं.

१९५१ चं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजात ज्युनियस केलॉग नावाचा खेळाडू होता, त्या कॉलेजच्या संघातला पहिला कृष्णवर्णीय. खिशात काही नाही, फावल्या वेळात दुकानात काम करायचा. त्याच कॉलेजचा एक माजी खेळाडू १,००० डॉलर घेऊन आला. केलॉगने थेट प्रशिक्षकाला सांगितलं, प्रकरण सरकारी वकील फ्रँक होगनकडे गेलं, आणि केलॉग अंगावर छुपा मायक्रोफोन लावून पुन्हा त्या माणसाला भेटला. तिथून जो धागा ओढला गेला त्यात ७ कॉलेजांचे ३२ खेळाडू निघाले. १९४७ ते १९५० मधले ८६ सामने!

त्यामुळे पैसे नव्हते म्हणून घेतले, हे कारण मला पुरत नाही.

---

चार्ल्सकाठचा

@नीलाक्षी, केलॉगला सलाम. पण त्याच प्रकरणात सिटी कॉलेजची मुलंही होती ना? एकाच वर्षी, १९५० मध्ये, एनआयटी आणि एनसीएए या कॉलेज बास्केटबॉलच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो एकमेव संघ. फीमाफ कॉलेज, न्यूयॉर्कच्या कष्टकरी वस्त्यांतली ज्यू आणि कृष्णवर्णीय मुलं. अख्खं शहर त्यांना डोक्यावर घेऊन नाचलं. मॅडिसन स्क्वेअर गार्डन त्यांच्या नावावर भरायचं, गेटचा पैसा मोजणारे वेगळेच होते.

फेब्रुवारी १९५१ मध्ये फिलाडेल्फियात टेंपलला हरवून ही मुलं आगगाडीने परत येत होती. पोलिसांनी त्यांना पेन स्टेशनवर उतरवून घेतलं. सामना जिंकून आलेली मुलं! काही दिवसांनी फ्लॉइड लेनचंही नाव निघालं. त्याने पैसे कुठे ठेवले होते माहितेय? आपल्या खोलीतल्या फुलझाडाच्या कुंडीत. सुमारे ३,००० डॉलर, जवळजवळ जसेच्या तसे. खर्च करायचीसुद्धा हिंमत झाली नव्हती. हा पोरगा मला गुन्हेगार वाटत नाही.

---

मीठभाकर

कुंडी वाचून गलबललं. पुढे काय झालं त्याचं?

---

चार्ल्सकाठचा

@मीठभाकर, एनबीएचं, म्हणजे व्यावसायिक लीगचं, दार कायमचं बंद झालं. पण १९७४ मध्ये सिटी कॉलेजने त्यालाच प्रशिक्षक म्हणून परत बोलावलं.

---

काळा_कोट

कायद्याच्या बाजूने थोडं.

बोस्टन प्रकरणात नुसती लाचखोरी लावली असती तर कून आणि कंपनी थोडक्यात सुटली असती. लावला तो रिको, म्हणजे १९७० चा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा. जोडीला खेळातल्या लाचखोरीचा १९६४ चा स्वतंत्र कायदा. रिकोचं वैशिष्ट्य असं की एकेक कृत्य सुटं बघत नाहीत, सगळे मिळून चालवलेला 'धंदा' बघतात. त्यामुळे ड्रेसिंग रूममधला विद्यार्थी आणि जिमी बर्क एकाच पिंजऱ्यात उभे राहिले.

हे वाचताना आपला मकोका आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये मुंबईच्या टोळ्यांसाठी केलेला कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला, आणि २०१३ च्या आयपीएल स्पॉट फिक्सिंगमध्ये दिल्ली पोलिसांनी तोच श्रीशांत, अजित चंडिला आणि आपल्या मुंबईच्या अंकित चव्हाणवर लावला. सूत्रधार परदेशात बसलेली टोळी, असा पोलिसांचा दावा. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने आरोप निश्चित करण्याच्या टप्प्यावरच सगळ्यांना सोडलं. कारण आपल्याकडे सामना फिक्स करणं हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. फसवणूक म्हणावी तर फसलेला माणूस उभा करावा लागतो, आणि मकोका म्हणावा तर टोळीशी संबंध सिद्ध करावा लागतो.

तेव्हा @चार्ल्सकाठचा, तिकडे पोराला १० वर्षं म्हणून तुम्ही हळहळताय, इकडे कायदाच नाही म्हणून आम्ही.

---

उगाच_एक

वकीलसाहेब, तारीख पे तारीख न होता पहिल्याच प्रतिसादात निकाल! अभिनंदन.

---

बंड्या_पंटर

अवांतर: अंकितची बंदी नंतर सात वर्षांवर आली. तोवर खेळायचं वय सरलं होतं. लोकल क्रिकेटमध्ये काय गुणी स्पिनर होता!

---

कोलाडचा_बाळू

एवढ्या लांब कशाला जाताय? आमच्या रायगडात टेनिस बॉलच्या टुर्नामेंटी बघा. बक्षिसाला बाइक, रात्रीचे फ्लडलाइट, यूट्यूबवर लाइव्ह. आमच्या टीमला एकदा सेमीफायनलच्या आधी एक जण भेटायला आला. चहा पाजला, इकडचं तिकडचं बोलला. "जिंका तुम्हीच, पण तिसरी ओव्हर त्या अमक्याला द्या." बस, एवढंच. त्या ओव्हरवर बाहेर किती लागलं होतं कोणास ठाऊक. आमच्या कप्तानाने चहाचे पैसे आपल्या खिशातून दिले आणि उठला. ओव्हर दिली नाही. पण खरं सांगू का, टीममधल्या दोघांचे चेहरे पडलेले मी पाहिले होते.

बंड्याभाऊंनी 'गोड गोळी' म्हटलंय ती हीच.

---

खानदेशी_ठसका

आमच्या गल्लीतला एक काका कल्याणचा आकडा लावायचा. मांजर आडवं गेलं की त्याचाबी आकडा काढायचा. त्याला फिक्सिंग कळलं असतं तर म्हणाला असता, मांजर कोणी सोडलं ते आधी सांगा.

---

मीठभाकर

ठसकाभाऊ, मटक्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. रतन खत्रीचा काळ बघितलेले बरेच जण इथे सापडतील.

---

संपादक

मटका, मांजर आणि पत्ते यांसाठी स्वतंत्र धागा काढावा. हा धागा भरकटवू नये ही विनंती.

---

आकडेमोडे

मूळ विषयाकडे. किती सामने असे 'बेताने' जिंकले जातात, हे आकड्यांवरून काढायचा प्रयत्न जस्टिन वुल्फर्स या अर्थतज्ज्ञाने २००६ मध्ये केला होता. सोळा मोसमांचे ४४ हजारांहून जास्त सामने तपासले. १२ पेक्षा जास्त गुणांनी जिंकतील असे मानलेले संघ सामना जिंकतात, पण बुकीचा फरक ओलांडायला किंचित कमी पडतात, असं त्याला दिसलं. त्यावरून अशा सुमारे ६ टक्के सामन्यांत काहीतरी काळंबेरं असावं, असा त्याचा अंदाज.

तो आकडा मी तसाच्या तसा गिळणार नाही. २० गुणांनी पुढे असलेला प्रशिक्षक शेवटची पाच मिनिटं राखीव पोरांना उतरवतो, पळापळ थांबवतो. फरक आपोआप घटतो. त्यात पाप काय? नंतरच्या संशोधकांनी नेमकं हेच म्हटलं. आणि फिक्सिंगची खरी अडचणही इथेच आहे: चोरी आणि आळस आकड्यांत सारखेच दिसतात. पकडायचं तर फोन, पैसा आणि फुटलेला माणूसच लागतो. बोस्टनला हिल फुटला नसता तर आज हा धागा नसता.

---

नीलाक्षी

@आकडेमोडे +१. तरी कधीकधी बाजारच बोंब मारतो. १९९४ चं ॲरिझोना स्टेट आठवा. स्टीव्हिन स्मिथ हा तिथला हुकमी खेळाडू कॉलेजातल्याच एका विद्यार्थी-बुकीकडे सट्टा लावून जवळपास १०,००० डॉलरच्या कर्जात बुडाला. कर्ज फेडायला सामने विकले. गंमत म्हणजे पहिल्या विकलेल्या सामन्यात त्याने ३९ गुण काढले! काढायचे आपण, सोडायचे बचावात. कोण संशय घेणार? पण चौथ्या सामन्यापर्यंत बातमी इतकी पसरली की लास व्हेगासमध्ये एकाच बाजूला नोटांचा पाऊस पडला, भाव कोसळला आणि कॅसिनोवाल्यांनीच शिट्टी वाजवली. स्मिथला वर्षभराची कैद झाली.

इथे गरिबी नव्हती, कर्ज होतं. आणि कर्ज जुगाराचं.

---

न्यूजर्सीची_आई

इतके दिवस वाचतेय, आज लिहिते. माझा धाकटा कॉलेजात बास्केटबॉल संघाच्या सामानाची, पाण्या-टॉवेलची कामं करतो. खेळाडू नाही. वर्षाच्या सुरुवातीला या मुलांनासुद्धा बसवून सांगितलं की संघातलं काही बाहेर बोलायचं नाही, कोण लंगडतोय, कोण आजारी आहे, काहीच नाही. मला वाटलं, अति करतात. मग एक दिवस वसतिगृहातल्या कुणीतरी याला पिझ्झा खाऊ घालून विचारलं, "त्याचा घोटा कसा आहे रे? शनिवारी उतरेल का?" याने विषय टाळला. घरी येऊन मला हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

२०१८ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या सट्ट्याची बंदी उठवल्यापासून अर्ध्याहून जास्त राज्यांत सट्ट्याची ॲप खुली आहेत. आता सामन्यावर नाही, एकेका मुलावर पैसे लागतात: हा किती गुण काढेल, तो किती चेंडू अडवेल. अंदाज चुकला की लोक त्या मुलाला इन्स्टाग्रामवर जाऊन शिव्या देतात, पैसे परत माग म्हणतात. वीस वर्षांची मुलं हो ही. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिचे अध्यक्ष चार्ली बेकर २०२४ पासून सांगताहेत की कॉलेजच्या मुलांवरच्या अशा पैजा बंद करा. काही राज्यांनी केल्या, काहींनी नाही.

पूर्वी टोळीला पोरापर्यंत पोहोचायला शाळासोबती शोधावा लागायचा. आता पोराचा इनबॉक्स उघडाच आहे.

---

तांबडापांढरा

ताई, पोराला शाबासकी सांगा आमची. पिझ्झा खाल्ला आणि घोटा दिला नाही, पक्का गडी!

---

काळा_कोट

@न्यूजर्सीची_आई, कायदेशीर सट्ट्याची दुसरी बाजूही आहे. ॲपवर प्रत्येक पैजेला नाव, खातं, वेळ असते. एखाद्या फुटकळ कॉलेजच्या पहिल्या हाफवर अचानक लाखभर लागले की कंपनीला घंटा ऐकू येते. हिलने पैसे अनेक बुकींकडे विखरून लावले, तेव्हा कुणाकडे वही एकत्र नव्हती. फिक्सिंग वाढलंय की पकडलं जाणं वाढलंय, हे सांगणं कठीण.

---

बंड्या_पंटर

वकीलसाहेब, घंटा वाजेपर्यंत पोरगं विकलेलं असतं, हे पण लिहा.

---

गोव्याचो_पाव

माझा प्रश्न सरळ आहे. आता तर मुलांना पैसे मिळतात ना? जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात, आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट हिस्सा देतात, एका विद्यापीठाला वर्षाला २ कोटी डॉलरच्या वर मर्यादा. मग धागाकर्त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे थांबायला हवं होतं. थांबलं का?

---

नीलाक्षी

@गोव्याचो_पाव, नेमका प्रश्न. थांबलं नाही. जानेवारी २०२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलांनी २६ जणांवर आरोपपत्र ठेवलं. १७ हून जास्त कॉलेज संघ, सामन्यामागे १० ते ३० हजार डॉलर, असे आरोप. खटला व्हायचाय, म्हणून नावं घेत नाही.

@चार्ल्सकाठचा, आता बोला.

---

चार्ल्सकाठचा

बोलतो! त्याच आरोपपत्रात असंही म्हटलंय की लाच देणाऱ्यांनी मुद्दाम अशी मुलं हेरली, ज्यांना जाहिरातींचं उत्पन्न फारसं नाही, म्हणजे लाचेची रक्कम ज्यांना मोठी वाटेल. वर दूध-मलई खाणारी विद्यापीठं सोडून खालच्या फळीतल्या संघांकडे गेले. पैसा आला, पण वाटणी तशीच विषम. माझा मुद्दा उलट पक्काच होतोय.

---

नीलाक्षी

म्हणजे कमी पगाराचा प्रत्येक माणूस लाच घेतो असं म्हणायचंय का? आमच्या झेडपीच्या शाळेतले शिक्षक ऐकतील हं.

---

कोलाडचा_बाळू

मी मधला. घेणारा दोषी आहेच. पण शिक्षेची उतरंड उलटी आहे. १९५१ मध्ये केंटकीचे प्रशिक्षक ॲडॉल्फ रप छाती ठोकून सांगत होते की आमच्या पोरांना सट्टेवाले हातसुद्धा लावू शकत नाहीत. त्याच वर्षी त्यांचे राल्फ बियर्ड आणि ॲलेक्स ग्रोझा निघाले, ऑलिंपिक सुवर्णपदकवाले! दोघांवर एनबीएची आजन्म बंदी. न्यायाधीशांनी रप यांच्यावर कडक ताशेरे ओढले, कॉलेजचा १९५२-५३ चा मोसम बुडाला. आणि रप? पुढे वीस वर्षं तिथेच प्रशिक्षक. मैदानाला त्यांचंच नाव आहे.

---

उगाच_एक

मैदानाला नाव द्यायची पद्धत तिथेही आपल्यासारखीच आहे म्हणायची.

---

आकडेमोडे

ज्याने काही केलंच नाही त्याचंही एक उदाहरण नोंदवतो. १९६१ चं प्रकरण. सूत्रधार जॅक मोलिनास, स्वतः कोलंबिया विद्यापीठाचा माजी स्टार, शिवाय वकील. एनबीएने सट्टा लावल्याबद्दल हाकललेला. त्याने देशभर खेळाडू विकत घेण्याचं जाळं विणलं. त्या चौकशीत ब्रुकलिनचा कॉनी हॉकिन्स सापडला, आयोवात पहिल्या वर्षाला होता. म्हणजे तेव्हाच्या नियमाने मुख्य संघाकडून खेळायलाही पात्र नव्हता! फिक्स करणार काय? मोलिनासकडून २०० डॉलर उसने घेतले होते, भावाने परतही केले. आरोप कधीच ठेवला गेला नाही. तरी त्याला विद्यापीठ सोडावं लागलं आणि एनबीएने दार लावून घेतलं. त्याने एनबीएवर दावा ठोकला, १९६९ मध्ये तडजोड झाली आणि २७ व्या वर्षी तो एनबीएतला पहिला सामना खेळला. पुढे १९९२ मध्ये हॉल ऑफ फेम.

---

मीठभाकर

आणि मोलिनास?

---

आकडेमोडे

१० ते १५ वर्षांची शिक्षा झाली, लवकर सुटून कॅलिफोर्नियाला गेला. १९७५ मध्ये स्वतःच्या घराच्या अंगणात कुणीतरी गोळी घातली.

---

चार्ल्सकाठचा

@आकडेमोडे, मोलिनासवर वेगळा धागा काढाच. @नीलाक्षी, 'बळी' शब्द कूनसाठी मागे घेत नाही, पण हॉकिन्ससाठी तो जास्त शोभतो एवढं मान्य.

---

नीलाक्षी

कूनसाठीही घ्याल मागे. तुम्ही केलॉगबद्दल अजून एक वाचा: तीन वर्षांनी गाडीच्या अपघातात तो लुळा पडला, आणि मग त्याने व्हीलचेअर बास्केटबॉलचे संघ तयार केले. मग बोलू.

---

तांबडापांढरा

दोघं बी सकाळपासनं एकाच डावावर अडकलाय. कुस्ती बरोबरीत सोडवा आता, आणि बाळूशेठ, ती तिसरी ओव्हर शेवटी टाकली कुणी ते सांगा.

---

कोलाडचा_बाळू

मी. सतरा रन गेले.